तेलाचा थेंब कोठून येतो?



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींना हसू आले असेल. मोटारीखाली पडणाऱ्या तेलाच्या थेंबाला कसला आला आहे इतिहास? पण या थेंबापायी एका कामगाराचा पगार कापलेला मी पाहिला आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे झाले ते वाचनालयात आणि कामगारांच्या खोल्यांत. तेथे जे उमगले तेच आज सांगणार आहे.

यंत्राला तेल लागते ते धातूवर धातू घासू नये म्हणून. वाफेच्या यंत्रांच्या काळात हे तेल माणूस हाताने घालीत असे. आगगाडी थांबली की तेलवाला तेलाची झारी घेऊन इंजिनाभोवती फिरे. त्या काळी तेल यंत्रातून गळून जाई आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे; एका बाजूने घालायचे, दुसऱ्या बाजूने वाहून जायचे.

या तेलवाल्यांतच एलायजा मॅकॉय नावाचा एक मनुष्य होता. त्याचे आईबाप अमेरिकेतील केंटकी प्रांतातून गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेलेले. मुलाला त्यांनी स्कॉटलंडला धाडून यंत्रविद्या शिकविली. तो परतला आणि मिशिगनमध्ये रेल्वेत त्याला काम मिळाले ते कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे! कातडी काळी, म्हणून इंजिनिअरची जागा नाही. परंतु ज्याच्या हातात झारी असते त्याला यंत्राची तहान कळते. १८७२ साली मॅकॉयने यंत्र चालू असतानाच सिलिंडरला आपोआप तेल पुरविणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले.

दुसरी कथा लंडनची. तेथील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने बोशॅम टॉवर यांना बेअरिंगमधील घर्षण मोजण्याचे काम दिले होते. १८८३ साली त्यांचा पहिला अहवाल आला. रेल्वेच्या आसावर असते तसे बेअरिंग त्यांनी घेतले. आस खालून तेलात बुडालेला, वर पितळी अर्धगोल. वरून तेल घालण्याकरिता त्यात एक भोक पाडले, तर आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलटे वर येऊ लागले. टॉवर यांनी बूच बसविले; ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही उडाली. शेवटी दर चौरस इंचाला दोनशे पौंडांपर्यंत मोजणारे दाबमापक लावले. काटा त्याही पलीकडे गेला. आणि बेअरिंगवरचा सरासरी बोजा मात्र शंभर पौंडांचाच होता. याचा अर्थ, फिरणारा आस तेलाला ओढून नेऊन त्याचा दाबयुक्त पदर बनवीत होता आणि त्या पदरावर सगळा भार तरंगत होता. १८८६ साली मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. दोष बुचाचा नव्हता, हे टॉवर यांना उमगले आणि त्यातून एक शास्त्र उभे राहिले.

पुढे १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन यशस्वी झाले. १९२०च्या दशकात ते मालमोटारीत बसले. आपल्याकडे १९५४ पासून जमशेदपूरला डिझेल ट्रक बनू लागले. आता तेल वाहून जाऊ देणे परवडण्यासारखे नव्हते. ते इंजिनाच्या पोटातच फिरते ठेवायचे, आणि आस जेथे बाहेर पडतो तेथे अडवायचे. त्यासाठी आधी दोरीचे पॅकिंग, मग चामड्याचे सील. जर्मनीतील वाइनहाइमच्या फ्रॉइडेनबर्ग या चामडे कमावणाऱ्या कारखान्यात वाल्टर सिमर यांनी चामड्याचे सील घडविले. १९३०च्या दशकात चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. आज मोटारीत दिसते त्या काळ्या ओठाच्या कड्याचे एक माहेर असे चांभारकामाच्या घरात आहे.

परंतु दट्ट्याच्या कड्यांजवळून थोडा वायू खाली पोटात उतरतोच. त्याला बाहेर जाण्यास वाट हवी. तिला मेस्त्री लोक ब्रीदर म्हणतात. ती वाट बुजली की पोटात दाब साठतो आणि जेथे सांधा कच्चा असेल तेथून तेल ढकलतो.

आता तो पगार. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका वाहतूक व्यावसायिकाची डिझेल पिकअप गाडी होती. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाखाली रोज तेलाचा डाग पडे. मेस्त्रीने गिअरबॉक्स उतरवून मागचे सील बदलले. डाग तसाच. पुन्हा उतरविला, पुन्हा बदलले. डाग तसाच! मालक म्हणाले, "हात खराब आहे," आणि दुसऱ्या सीलचे पैसे पगारातून कापले. तक्रार आमच्याकडे आली. युनियनमध्ये एक वृद्ध फिटर होते. त्यांना मी घेऊन गेलो.

त्यांनी प्रथम गाडीखाली वाकून पाहिलेच नाही. इंजिन डिझेलने धुवून कोरडे केले, बाहेरून पावडर भुरभुरली, खाली वर्तमानपत्र अंथरले आणि इंजिन चालू केले. "थेंब पडतो तेथे पाहू नका, ओलाव्याची सर्वांत वरची जागा शोधा," ते म्हणाले. पावडरवर ओली रेघ उमटली. ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून इंजिनाच्या पाठीवरून खाली उतरत होती. सील कोरडे ठणठणीत होते! मग त्यांनी तेल भरण्याचे झाकण सैल केले, तर आतून वायूचा लोट आला. ब्रीदरची नळी काजळीने आणि घट्ट झालेल्या तेलाने गच्च बुजली होती. नळी साफ केली, कव्हरचे पॅकिंग बदलले, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र कोरडे.

मालक प्रामाणिक होते. त्यांनी कापलेले पैसे परत दिले, पण "मला वाटले..." एवढे म्हणून ते थांबले. त्यांना वाटले ते साहजिकच होते. थेंब खाली पडतो, म्हणून आपली नजर खालीच जाते, आणि खाली नेहमी कोणीतरी कामगार हात काळे करून बसलेला असतो.

तेव्हा श्रोतेहो, उद्या आपल्या दारातल्या गाडीखाली डाग दिसला, तर मेस्त्रीला दोष देण्याआधी गाडी धुवा, कागद अंथरा आणि रेघेचा वरपर्यंत माग काढा. आणि कारखान्यात, कचेरीत, गावात काही गळू लागले, तरीही हीच रीत वापरून पाहा. मला तरी ती अद्याप फसलेली नाही.