मनाच्या दुखण्याला दार कुठलं?

बचत गटाच्या बैठकीत ताप, खोकला, अंगावरून जाणं, सगळं बोललं जातं. "जगावंसं वाटत नाही" हे मात्र कोणी बोलत नाही. अशा बाईला मदत मिळण्याची वाट आपल्याकडे कशी पडत गेली, ते आज सांगते.

माझ्या मते ही वाट दवाखान्यातून नाही, पुण्यातल्या एका घरातून निघाली. काशीबाई नावाची तरुण विधवा ज्योतीराव फुल्यांच्या मित्राकडे स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवलं, दिवस गेले. लोकलाजेपायी तिने जन्मलेलं बाळ मारलं आणि तिला अंदमानची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर 1863 साली सावित्रीबाई आणि ज्योतीरावांनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. कोणाचं पाऊल चुकलं हे न विचारता विधवेला गुपचूप बाळंत होऊ द्यायचं. पस्तीसेक जणी तिथे आल्या. त्यातल्या एकीचा मुलगा यशवंत, त्याला या दोघांनी दत्तक घेतलं. पुढे तो डॉक्टर झाला.

सरकारची वाट वेगळी होती. नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा इथे मोठी मनोरुग्णालयं झाली. ठाण्याचं 1901 चं. सगळी खानदेशापासून लांब, आणि 1912 च्या कायद्याने आत जायचं तर बहुतेक वेळा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. मग सातपुड्यातली बाई जाणार कुठे? भगताकडे. भगत धीर देतो, ते मी नाकारत नाही. पण भूत उतरवायला साखळी, चाबूक, किंवा शेजारणीला डाकीण ठरवणं, हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

याहून मोठी अडचण कायद्याचीच होती. इंग्रजांनी 1860 साली दंडसंहितेत कलम 309 घातलं: जीव द्यायचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद. म्हणून घरोघरी एकच उत्तर ठरलेलं, "चुकून औषध प्यायली." किती जणींना केसच्या भीतीने दवाखान्यात उशिरा नेलं असेल! डॉक्टरांना खरं सांगायचं नाही, मग उपचार तरी कसा बरोबर व्हावा?

इकडे हे चालू असताना विलायतेत चॅड वारा नावाच्या तरुण पाद्र्यावर 1935 साली चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करायची वेळ आली. तिला पाळी आली होती. काहीतरी वाईट रोग झाला असं समजून तिने जीव दिला. विचारायला कोणी नव्हतं. त्याच पाद्र्याने 1953 मध्ये लंडनच्या चर्चमध्ये फोन ठेवला: जीव द्यावासा वाटला तर आधी इथे बोला. आपल्या पोरींना पाळीबद्दल आधी सांगायचं का सांगतात, ते यातही दिसतं.

आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती मोठ्या ताणात होती असं आता धरलं जातं. तिला शिक्षा नाही, उलट उपचार देणं सरकारचं काम. साखळीने बांधायलाही बंदी आहे. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या दंडसंहितेत जुनं 309 कलम राहिलं नाही. दवाखाना पोलिसांना अजूनही कळवतो, जबाब होतो. त्याला भिऊन खोटं सांगू नका.

नाशिकच्या पेठ तालुक्यात तर पुण्याच्या एका संस्थेने गावातल्याच लोकांना दुःख ऐकून घ्यायला शिकवलं. 'आत्मीयता' हे त्या कामाचं नाव. आपल्यासारखाच डोंगरी, आदिवासी भाग तो.

आता फोनचं. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस सुरू आहे, नंबर 14416. दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज नसते हे मला ठाऊक आहे. तिथे आशाताईला सांगा, किंवा नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांची चौकशी करा. फवारणीचं औषध घरात ठेवू नका, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. कोणी प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. 108 ला फोन करायचा, नाहीतर मिळेल त्या गाडीने निघायचं, आणि औषधाची बाटली सोबत न्यायची.