पहिलं विरजण कुणाचं?

दही लावायला दही लागतं. घरातलं संपलं, की शेजारून चमचाभर विरजण मागून आणतात. संगणकाच्या इतिहासातही नेमकी हीच गंमत आहे. माणसाला वाचता येईल असा प्रोग्रॅमचा मूळ मजकूर म्हणजे सोर्स कोड. त्याला यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. पण कंपायलर हाही प्रोग्रॅमच! त्याला कुणी उतरवायचं? आधीच्या कंपायलरनं.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमननं सोर्स सर्वांना खुला असलेली 'ग्नू' प्रणाली रचण्याचं जाहीर केलं. १९८७ मध्ये तिचा जीसीसी हा कंपायलर आला. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं त्याच जीसीसीच्या आधारानं लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, उभा केला.

१९९९ मध्ये जेरार्ड बीकमन्सनं 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे पुस्तक काढलं. तयार लिनक्स घेऊ नका, एकेक सोर्स आणून स्वतः बांधा, आत काय आहे ते कळू द्या, असा त्याचा आग्रह. शून्यापासून म्हणायचं, पण सुरुवातीला चालता संगणक आणि परका कंपायलर लागतोच. म्हणून जीसीसी एकदा बांधून भागत नाही. पहिल्यानं दुसरा बांधायचा, जुन्या घराचा अंश गाळत जायचं. मग दोन-चार ओळींचा प्रोग्रॅम करून बघायचं, हा नव्या घरातल्या वस्तू मागतो की अजून जुन्याच? ही तपासणी टाळली, तर चूक कित्येक तासांनी भलत्याच जागी उगवते. पडदाभर तक्रारी येतात. तेव्हा शेवटची ओळ वाचून उपयोग नसतो, वर जात जात पहिली शोधावी लागते.

सगळं जमलं म्हणून यंत्र सुरू करावं, तर 'कर्नल पॅनिक'! कारण अनेकदा साधं असतं. डिस्क वाचणारा ड्रायव्हर गाभ्यात घालायचा राहिलेला, तो डिस्कवरच पडलेला. कुलूप बाहेर, किल्ली घरात.

या चुका निदान दिसतात तरी. युनिक्सच्या जनकांपैकी एक केन थॉम्प्सन. त्यांच्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणानं १९८४ मध्ये वेगळीच धास्ती घातली. कंपायलरमध्ये दडवलेली चोरवाट सोर्समधून पुसून टाकली, तरी प्रत्येक नव्या कंपायलरमध्ये ती उतरत राहू शकते. सोर्स कितीही डोळ्यांत तेल घालून वाचा, सापडायची नाही. दोष विरजणात!

एप्रिल २०२३ मध्ये ग्नू गिक्सच्या मंडळींनी अवघ्या ३५७ बाइटांच्या बीजापासून थेट जीसीसीपर्यंतची साखळी बांधून दाखवली. एवढं बीज माणूस अक्षर अक्षर तपासू शकतो. मात्र हे सारं ज्यावर चाललं, तो लिनक्सचा गाभा आणि खालची चिप आधीचीच होती.