ठराव १९७८ चा, नाव १९९४ चे

१/ लोकप्रतिनिधींना निवेदन दिल्याने काही घडते का? छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचे नाव या प्रश्नाचे एक उत्तर आहे. त्यासाठी विधिमंडळाने ठराव केला आणि त्यानंतर जवळपास १६ वर्षे गेली.

२/ मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. त्याआधीच, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय सुरू केले होते. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, या मागणीला ही पार्श्वभूमी होती.

३/ मागणी प्रथम रीतसर मार्गानेच गेली. १९७७ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी आश्वासन दिले. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवारांचे पुलोद सरकार आले आणि २७ जुलैला दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. लढाई संपली, असेच अनेकांना वाटले असेल.

४/ परंतु ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठरावातून सभागृहाचे मत व्यक्त होते. विद्यापीठाचे नाव मात्र १९७४ च्या अधिनियमात होते. ते बदलण्यासाठी कायद्यात दुरुस्ती आवश्यक होती, आणि तेथेच पाऊल अडले.

५/ ठरावाची बातमी पसरताच मराठवाड्यात हिंसाचार उसळला. गावोगावी दलित वस्त्या जाळण्यात आल्या, कुटुंबे परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ज्यांनी विद्यापीठ कधी पाहिलेही नव्हते, त्यांना या ठरावाची किंमत मोजावी लागली. सरकारने अंमलबजावणी थांबवली.

६/ विरोध करणारे सारेच हिंसक नव्हते. ‘मराठवाडा’ या नावाशी हैदराबाद मुक्तिसंग्रामाची स्मृती निगडित आहे, असे काहींचे म्हणणे होते. तेही लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोचत होते. लोकप्रतिनिधीच्या दारी निवेदने दोन्ही बाजूंची येतात, आणि तो मतांची बेरीज करून पाहतो.

७/ ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. तो वाटेतच अडवण्यात आला. पुढे वर्षानुवर्षे मोर्चे, सत्याग्रह, अटका सुरू राहिल्या. अंतुले, भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, सुधाकरराव नाईक असे मुख्यमंत्री होऊन गेले. यांतील निलंगेकर आणि चव्हाण तर मराठवाड्याचेच. प्रश्न तसाच राहिला.

८/ अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी, शरद पवार पुन्हा मुख्यमंत्री असताना, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव लागू झाले. जुने नाव कायम ठेवून नवे जोडले गेले, म्हणून हा ‘नामविस्तार’. काहींना ती तडजोड वाटली, काहींना विजय.

९/ निवेदने व्यर्थ गेली नाहीत. त्या पाठपुराव्यातूनच मागणी सभागृहात पोहोचली. पण मंजुरीनंतर लोक घरी परतले असते, तर तो ठराव कागदावरच राहिला असता. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी हजारो लोक जमतात. त्यांच्या अभिवादनात या १६ वर्षांतील हुतात्म्यांचेही स्मरण असते.