एड्मंड बर्क आणि राघोबादादांचे वकील

एड्मंड बर्क हा इ. स. १७६५ च्या डिसेंबरांत विलायतेच्या पार्लमेंटांत निवडून आला आणि वेंडोव्हर, ब्रिस्टल व माल्टन या गांवांतर्फे १७९४ पर्यंत तेथें सभासद होता. वॉरन हेस्टिंग्सवरील खटल्यामुळें त्याचें नांव आपल्याकडे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या चरित्रांतील एका लहानशा प्रसंगाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

राघोबादादांचे वकील हणमंतराव व मणियार पारशी हे १७८१ सालीं विलायतेंत अडचणींत सांपडले असतां बर्कनें त्यांस बीकन्सफील्ड येथें आपल्या घरीं नेलें व सोवळ्याच्या स्वयंपाकासाठीं बागेंतील कांचघर मोकळें करून दिलें. वकिलांस झालेला त्रास आपल्या लोकांच्या अज्ञानामुळें झाला, दुष्टाव्यामुळें नव्हे, असें त्यानें दादासाहेबांस पत्रानें कळविलें.

या भेटींतूनच खटला उद्भवला असें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं; बंगालच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या समितींत बर्क त्याच सालीं काम करीत होता. तथापि १७८६ च्या आरोपांत मराठ्यांशीं झालेल्या युद्धाचेंहि कलम आहे, हें विसरतां येत नाहीं. १७९५ त हेस्टिंग्स निर्दोष सुटला. १७९७ त बर्क वारला.

सदर पत्र बर्कच्या पत्रव्यवहारांत मिळतें. मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें शोधतांना परकीय मुत्सद्द्यांचे खाजगी कागदहि तपासले पाहिजेत, एवढेंच आमचें सांगणें आहे.