सदुसष्ट गावांचा सौदा

वैनगंगेच्या पूर्वेचं जंगल नकाशावर एकसलग हिरवं दिसतं. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्यात विसेक जमीनदाऱ्या होत्या आणि प्रत्येकीचा कारभार बेटासारखा वेगळा. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याची, म्हणजे आजच्या चंद्रपूरची, गोंड गादी बुडवली, तरी ही घराणी टिकली. वरच्या सरकारला टाकोळी, म्हणजे खंडणी, पोचवायची आणि आपल्या रानात आपण राजे, असा त्यांचा रिवाज. अहेरी त्यांत सर्वांत मोठी. तिच्या पश्चिमेला प्राणहिता, नदीपलीकडे निजाम. तेव्हा सिरोंचाही निजामाकडेच होतं. दक्षिणेला इंद्रावती ओलांडली की बस्तर. एक डोंगी वल्हवली की राज्य बदलायचं. फरारी माणसाची सोय आणि त्याला शोधणाऱ्याची पंचाईत, दोन्ही त्यातच.

१८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांद्याला इंग्रज अंमलदार येऊन बसले.

मोलमपल्लीचा बाबूराव पुलेश्वर शेडमाके हा अहेरीच्या प्रदेशातला छोटा जमीनदार, वयाने पंचविशीचा. त्याने गोंड आणि रोहिले जमवून आपली फौज उभी केली. लोक तिला जंगोम दल म्हणतात. मार्च १८५८ मध्ये त्याने राजगड परगण्यावर चाल केली. अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनने चांद्याहून फौज काढली, नांदगाव-घोसरी आणि सगणापूरला चकमकी झाल्या, पण बाबूराव हाती लागला नाही. सरकारी कागदांत ही सगळी लूटमार आणि दंगा आहे. गोंडांच्या आठवणीत ती लढाई आहे. खरं तर रोहिल्यांना पगाराशी मतलब होता, त्यामुळे एकाच फौजेत दोन्ही गोष्टी असणं अशक्य नव्हतं.

२९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठच्या चिंचगुंडीला तारखात्याचा तळ पडला होता. बाबूरावाच्या माणसांनी त्यावर हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे ठार झाले. पीटर नावाचा तिसरा निसटला आणि क्रिक्टनपर्यंत पोचला. तोवर जे बंड होतं, ते आता गोऱ्या माणसांच्या खुनाचं प्रकरण झालं.

क्रिक्टनला एवढं कळून चुकलं होतं, की हे जंगल त्याच्या शिपायांच्या आवाक्यातलं नाही. मग त्याने बंदुकीऐवजी दुसरा मार्ग धरला: बाबूरावाला पकडून देण्याची जबाबदारी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर टाकली. लक्ष्मीबाईंनाच का? कारण मोलमपल्ली त्यांच्याच प्रदेशातली, वाटा त्यांच्या माणसांना पाठ, आणि नदीपलीकडच्या मुलखात त्यांचा शब्द चालायचा. शिवाय जमीनदारी सरकारच्या मर्जीवर टिकून होती, हे त्यांना कुणी निराळं सांगायची गरज नव्हती.

बाबूराव बस्तरच्या हद्दीत, भोपालपटनमला सापडला. पण तो निसटला. सप्टेंबरात लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्याला पुन्हा धरलं आणि क्रिक्टनच्या हवाली केलं. त्याच वर्षी जूनमध्ये ग्वाल्हेरला दुसरी एक लक्ष्मीबाई इंग्रजांशी लढताना पडली होती. नावाचा हा योगायोग चंद्रपूरकडच्या व्याख्यानांत हमखास निघतो आणि अहेरीच्या बाईंना फितुरीचा शिक्का बसतो. शिक्का पुसायचं कारण नाही. पण त्यांच्यासमोर एकीकडे त्यांच्याच प्रदेशातला बंडखोर होता आणि दुसरीकडे अख्खी जमीनदारी, हेही विसरता येत नाही.

२१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबूरावाला फाशी दिलं. फासाचा दोर तुटल्याच्या कथा गोंड वस्त्यांत अजून सांगतात.

व्यंकटराव बस्तरात पळाला होता. तिथे तो दोनेक वर्षं लपून राहिला, पण बस्तरचे राजेही नागपूर खालसा झाल्यापासून इंग्रजांच्याच छत्राखाली होते. १८६० मध्ये राजा भैरमदेवाच्या दरबाराने त्याला पकडून सोपवलं. आईच्या रदबदलीमुळे त्याचा फास टळला. जन्मठेप आणि मालमत्तेची जप्ती मात्र चुकली नाही. त्याच साली निजामाने सिरोंचाकडचा मुलूख इंग्रजांना दिला, म्हणजे आडोशाची एक जागाही गेली.

जप्त झालेली अडपल्ली-घोटकडची ६७ गावं लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. अहेरी आणखी मोठी झाली. पुढे १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातल्या जमीनदाऱ्या संपल्या, त्यात बक्षिसाची गावंही गेली. घोट आज गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात आहे.

चंद्रपूरच्या तुरुंगातल्या पिंपळाखाली दर २१ ऑक्टोबरला गर्दी जमते, गोंडीतून गाणी होतात. आणि १२ मार्च २००९ रोजी भारतीय टपाल खात्याने बाबूराव शेडमाके यांचं तिकीट काढलं. चिंचगुंडीला मारले गेलेले दोघे तारखात्याचे होते; टपाल आणि तार ही दोन खाती कितीतरी वर्षं एकाच छपराखाली नांदली.