लाल गाठ, दोन रोग

एरर तोच दिसतोय म्हणून बगही तोच असेल असं नसतं, हे आपल्या धंद्यात पहिल्या सहा महिन्यांतच कळतं. डॉक्टरांनाही १९८० च्या दशकात हाच धडा मिळाला. फरक इतकाच, की तिथे पणाला माणसं होती.

३ जुलै १९८१. अमेरिकेच्या सीडीसीच्या साप्ताहिकात बातमी आली: न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या २६ समलिंगी पुरुषांना कापोसी सार्कोमा झालाय, त्यातले ८ दगावलेत. हा कॅन्सर व्हिएन्नाच्या मॉरिट्झ कापोसीने १८७२ मध्येच नोंदवला होता. त्वचेवर लाल-जांभळे डाग, गाठी. पण तिकडे तो दुर्मिळ, बहुतेक म्हाताऱ्यांचा आणि सावकाश वाढणारा आजार होता. इथे मात्र तरुण माणसं! पुढे ज्याला एड्स म्हटलं गेलं, त्याची ही एक पहिली खूण.

मग काय, एड्सच्या पेशंटच्या अंगावर लाल गाठ दिसली की डोक्यात पहिलं नाव कापोसीचंच.

पण १९८३ मध्ये एक वेगळी केस छापून आली. गाठी तशाच, पण आत चक्क जिवाणू, आणि एरिथ्रोमायसिन या साध्या अँटिबायोटिकने त्या विरघळल्या! हा बॅसिलरी अँजिओमॅटोसिस. वेळेत ओळखला तर बरा होतो, नाही तर यकृत आणि हाडांपर्यंत पोचून जीव घेऊ शकतो. म्हणजे केवळ डोळ्यांवर विसंबून 'कॅन्सर' म्हटलं, तर गोळ्यांनी वाचणारा माणूस हातचा जायचा.

ओळखायचं कसं? गाठीचा तुकडा काढायचा आणि चांदीच्या रंगद्रव्याने रंगवायचा. वॉर्थिन-स्टारी पद्धतीत जिवाणूंचे काळे पुंजके दिसतात. पण ते नक्की कोण? लॅबमध्ये वाढायला ते फार कटकटीचे. १९९० मध्ये डेव्हिड रेलमन आणि सहकाऱ्यांनी डोकं लढवलं: वाढवत बसण्यापेक्षा गाठीतूनच त्यांचा जनुक वाचा. जवळचा नातेवाईक निघाला पहिल्या महायुद्धातल्या ट्रेंच फीव्हरचा जंतू. आज या आजाराचे दोन जिवाणू माहीत आहेत: उवांमधून येणारा बार्टोनेला क्विंटाना आणि मांजरांकडून येणारा बार्टोनेला हेन्सेली. आणि कापोसीमागचा विषाणू? तो युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी १९९४ मध्ये शोधला.

प्रतिकारशक्ती ढासळली की पुस्तकातली लक्षणं पुस्तकात राहतात. क्रिप्टोकॉकससारखी बुरशीसुद्धा साध्या पुटकुळीचं सोंग घेऊन येते. म्हणून अशा पेशंटच्या बाबतीत नियम सोपा: अंदाज बांधा, पण बायोप्सी करा.

आपल्या भाषेत, लॉग न बघता बग क्लोज करू नका!