इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंदी : स्वीकार आणि गोपनीयता

रुग्णाचा पूर्वेतिहास, तपासण्या, निदान व औषधयोजना यांची संगणकावर ठेवलेली, एका रुग्णालयाची दुसऱ्याला वाचता येईल अशा प्रमाणित स्वरूपातील नोंद म्हणजे इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंद होय. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि रुग्णाने घरी जपलेली रिपोर्टांची फाईल यांची जागा ती घेऊ पाहते. उदाहरणार्थ, सातारा जिल्ह्यात कराडलगतच्या मलकापूर येथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. खेड्यातील रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्र, खासगी दवाखाना अशा टप्प्यांनी अशा मोठ्या रुग्णालयात येतो, तेव्हा मागचे कागद हाताशी नसल्यास त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. हा खर्च व वेळ वाचविणे, हा या पद्धतीचा मुख्य लाभ मानला जातो.

केंद्र शासनाने या नोंदींची मानके २०१३ मध्ये ठरवून २०१६ मध्ये सुधारली आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू केले. त्यातील ‘आभा’ हा रुग्णाचा १४ अंकी आरोग्य-खाते क्रमांक ऐच्छिक आहे. नोंद मूळ रुग्णालयातच राहते आणि रुग्णाच्या संमतीनंतर ठरावीक काळापुरती दुसऱ्या डॉक्टरला दिसते.

स्वीकाराच्या अडचणी मुख्यतः कामकाजाच्या आहेत. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत टंकलेखनाला वेळ मिळत नाही, आणि कागद व संगणक अशी दुहेरी नोंद करावी लागल्यास कर्मचाऱ्यांना ती ओझे वाटते. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चालणाऱ्या ‘एचएमआयएस’ या संगणकीय रुग्ण-नोंद प्रणालीचे खासगी कंपनीकडील काम २०२२ मध्ये थांबले, तेव्हा तेथे पुन्हा हस्तलिखित केसपेपर आले. नोंदींचे सातत्य कंत्राटावर अवलंबून ठेवण्यातील धोका त्यातून दिसला.

गोपनीयतेचा प्रश्न दूरच्या संगणकचोरांपुरता मर्यादित नाही. लहान गावात नोंदणी खिडकीवरील कर्मचारी हा बहुधा ओळखीचा, कधी नात्यातलाही असतो. शिवाय घरातील अनेकांच्या नावापुढे एकच मोबाईल क्रमांक असेल, तर संमतीसाठीचा ओटीपी पती, सासरे वा मुलगा यांच्या फोनवर जातो. त्यामुळे गर्भपात, क्षयरोग, एचआयव्ही किंवा मानसिक आजार यांची नोंद रुग्णाने स्वतः संमती देण्यापूर्वीच घरात उघड होऊ शकते. रांगेत घाईने घेतलेली संमती उपचाराची अटच वाटू लागली, तर तिला ऐच्छिक म्हणता येत नाही.

भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याच्या नोंदी देणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्स कायद्याने या रुग्णांच्या माहितीला खास संरक्षण दिले. आरोग्य-माहितीसाठीच्या स्वतंत्र विधेयकाचा २०१८ चा मसुदा मात्र कायद्यात उतरला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील कसुरीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे आणि संमतीपूर्व सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत मिळण्याची तरतूद आहे; परंतु आरोग्य-माहितीचा वेगळा संवेदनशील वर्ग त्यात केलेला नाही. म्हणून रुग्णाला कळेल अशा मराठीत विचारणे, त्याच्या नकाराने उपचार न अडविणे आणि नोंद कोणी पाहिली हे त्याला दाखविणे, या बाबी रुग्णालयाने स्वतः पाळल्याखेरीज या पद्धतीस खरा स्वीकार लाभणार नाही.